घरातला जुना कॉम्प्युटर: ओव्हरक्लॉकच्या आधी कॅबिनेट उघडा

आमच्या देवगडच्या घरातला कॉम्प्युटर 2012 सालचा. भावाच्या इंजिनिअरिंगसाठी कणकवलीहून जोडून आणलेला. इंटेलचा कोअर आय3-2120, एच61 चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो), 2 जीबी रॅम, 500 जीबीची हार्ड डिस्क. भाऊ डोंबिवलीला स्थायिक झाला, कॉम्प्युटर इथेच राहिला. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब, बाबांची पत्रं आणि घरातले सगळे फोटो त्याच्यातच. दोन वर्षांपूर्वी सुरू व्हायला त्याला साडेचार मिनिटं लागायची. बाबा म्हणायचे, "चाय पिऊन झाली तरी ह्येका जाग येणा नाय."

त्या वर्षी चतुर्थीला भाचा आला. म्हणाला, "आत्या, ओव्हरक्लॉक करूया, फुकटात स्पीड वाढेल." ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर त्याच्या ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणं. मी हो म्हटलं. ते का करू नये हे मला त्यानंतरच नीट कळलं, म्हणून आधी तेच सांगते.

प्रोसेसरचा वेग म्हणजे बेस क्लॉक (बोर्डाचा मूळ ठोका) गुणिले मल्टिप्लायर (त्याची पट). आमचा 100 मेगाहर्ट्झ गुणिले 33, म्हणजे 3.3 गिगाहर्ट्झ. त्या पिढीत मल्टिप्लायर मनासारखा वाढवता यायचा तो आय5-2500के, आय7-2600के अशा नावात 'के' असलेल्या प्रोसेसरवर, आणि तोही पी67 किंवा झेड68 बोर्डावर. घरगुती मशीनमध्ये बहुधा यातलं काहीच नसतं. उरतो बेस क्लॉक. पण या पिढीत त्याच घड्याळावर हार्ड डिस्क बोर्डाला जोडणारी साटा लाइनही चालते. भाच्याने बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) 100 चे 105 केले. वेग झाला जेमतेम 3.46 गिगाहर्ट्झ, सुरू व्हायला मिनिटं तेवढीच. तिसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर संदेश आला की डिस्कच सापडत नाही. वायर काढली, ही सेटिंग लक्षात ठेवणारा बोर्डावरचा सीआर2032 सेल पाच मिनिटं बाहेर ठेवला, परत बसवला. सेटिंग मूळ जागी आलं आणि डिस्क दिसू लागली. हिशेबाची फाइल मात्र उघडेना. जूनमध्ये पेन ड्राइव्हवर एक प्रत घेतली होती, म्हणून हंगाम वाचला.

उष्णतेचं गणितही बघा. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या पटीत वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही दहा टक्के वाढवले तर वीज आणि उष्णता सुमारे एक तृतीयांश वाढते. ती बाहेर काढायची दहा-बारा वर्षं जुन्या पंख्याने, मे महिन्यातल्या आमच्या दमट खोलीत. शिवाय लाइट सारखी वरखाली होणार आणि मशीनला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, तेवढाच म्हातारा. या किनाऱ्यावर घरच्या मशीनला ओव्हरक्लॉक करू नका. माझं मत ठाम आहे.

मग करायचं काय? पहिलं काम प्रत काढण्याचं. फोटो, हिशेब, पत्रं एका बाहेरच्या डिस्कवर घ्या. जुनी मराठी पत्रं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर फॉन्टच्या फाइलीही सोबत घ्या, नाहीतर नव्या मशीनवर अक्षरांऐवजी चिन्हं दिसतील. हे झाल्याशिवाय स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका.

आता कॅबिनेट उघडा. प्लग काढा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली वीज जाऊ द्या. आमच्याकडे मागचे चारही स्क्रू गंजून बसले होते, खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवले तेव्हा फिरले. खारं वारं आतपर्यंत पोचतं. रॅमची पट्टी काढली तर सोनेरी दातांवर काळपट थर होता, मधल्या दोन दातांवर हिरवट ठिपके. पांढरा खोडरबर घेऊन एकाच दिशेने हलक्या हाताने घासला, कण ब्रशने झटकले. खोडरबराचा एकही कण खाचेत जाऊ देऊ नका. पंख्यात धूळ आणि ओल मिळून राखाडी वातच झाली होती. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो गरगर फिरला तर बेअरिंग जातं. मग प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट (उष्णता पंख्याकडे नेणारा लेप) पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवी लावा. बोर्डावर कुठल्या कपॅसिटरचं (छोट्या नळकांड्यासारख्या भागाचं) डोकं फुगलेलं दिसलं तर तिथेच थांबा. अशा मशीनवर एक रुपयाही घालू नका.

पुढचं काम मोजण्याचं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा आणि परफॉर्मन्सचं पान बघत नेहमीचं काम करा. आमच्याकडे प्रोसेसर तीस टक्क्यांवर आणि डिस्क सतत शंभरवर. म्हणजे प्रोसेसर बिचारा डिस्कची वाट बघत बसलेला. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे मारते, तरी विखुरलेली माहिती शोधायला दर वेळी दहा-बारा मिलिसेकंद जातात. म्हणून बदलायची ती डिस्क. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात तेच काम मिलिसेकंदाच्या छोट्या अंशात होतं, कारण आत फिरणारं काहीच नाही. एच61 वर साटाचा वेग जुना, 3 गिगाबिटचा, म्हणून महागडी एसएसडी घेण्यात अर्थ नाही. 240 जीबीची साधी पुरते. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये साटा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) 'एएचसीआय' करा, टाकल्यानंतर बदललात तर विंडोज बहुधा सुरूच होत नाही. जुनी हार्ड डिस्क धडधाकट असेल तर आतच राहू द्या, पण फोटोंची एकमेव प्रत तिच्यावर नको.

रॅमला दोनच खाचा, डीडीआर3 प्रकारच्या पट्ट्यांच्या. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, ती चालत नाही. मी 4 जीबीची जुनी पट्टी घालून एकूण 6 केली. विंडोज 32 बिटचं असेल तर 4 जीबीच्या वरची रॅम वाया जाते, ते आधी तपासा. एसएसडी आणि रॅम मिळून तेव्हा तीन हजारांच्या आत भागलं. सुरू व्हायला आता चाळीस सेकंद. बाबांना पहिल्या दिवशी विश्वासच बसेना, पुन्हा बंद करून पुन्हा सुरू करून बघितला.

विंडोजचा प्रश्न मात्र खरा आहे. विंडोज 10 ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट 14 ऑक्टोबर 2025 ला थांबले आणि विंडोज 11 इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही. आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली घातली. हिशेब लिब्रेऑफिसमध्ये, मराठी टायपिंग इनस्क्रिप्टने. टॅलीसारखं काही लागतच असेल तर विंडोज ठेवा, पण बँकेची कामं त्याच्यावर करू नका.

पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालू ठेवा, आतल्या उबेने ओल धरत नाही. वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर इंटरनेटची केबलही काढा. आमच्या वाडीत एका घरात प्लग काढलेला होता, तरी केबलमधून वीज येऊन बोर्ड गेला.

आणि खर्चाची मर्यादा आधीच ठरवा. बोर्ड किंवा प्रोसेसर गेला तर त्या पिढीचा दुसरा शोधत फिरू नका, नवं मशीन घ्या. एसएसडी तेव्हा काढून त्यात बसेल, डीडीआर3 रॅम बसणार नाही. म्हणून एसएसडी नवी कोरी घ्या, पक्क्या पावतीसह, आणि रॅम ओळखीच्या दुकानातून जुनी.