पालघरला पोस्टिंग लागलंय? आधी पासचं बघा
एमबीबीएसच्या इंटर्नशिपमधलं कम्युनिटी मेडिसिनचं (सार्वजनिक आरोग्याचं) पोस्टिंग १२ आठवड्यांचं, म्हणजे ८४ दिवस, त्यामुळे मुंबईहून रोज पालघरला जाणार असाल तर लोकलचे महिन्याचे पास काढत बसू नका, सरळ तीन महिन्यांचा घ्या, महिन्याच्या तीन पासांपेक्षा स्वस्त पडतो आणि रांगही एकदाच. मध्येच दुसरीकडे पाठवणार असतील तर मात्र महिन्याचाच बरा, म्हणून ड्युटी लिस्ट आधी हातात घ्या. विरारच्या पुढे डहाणू लोकल मोजक्याच, एक चुकली की तासभर बसा (माझी पहिल्याच दिवशी चुकली!). लोकलचा पास आहे म्हणून एक्सप्रेसच्या रिझर्व्ह डब्यात घुसू नका, दंडात महिन्याचे पैसे जातील. स्टेशनपासून पुढे शेअर रिक्षा, सुट्टे पैसे ठेवा.