संसदेतल्या बँकिंग आणि घटनादुरुस्तीच्या चर्चा शोधताय? या चुका टाळा

बँक कर्मचाऱ्यांच्या युनियनची स्मरणिका, लॉ कॉलेजचा प्रकल्प, एखाद्या दिवंगत खासदाराचा गौरवग्रंथ. मुंबईत असं काही ना काही सतत निघत असतं आणि त्यात ‘संसदेतील कामगिरी’ हे प्रकरण हमखास असतं. बहुतेकदा तेच सगळ्यात कच्चं असतं. ‘बँक राष्ट्रीयीकरणावर घणाघाती भाषण केले’ असं एक वाक्य येतं. पण कुठल्या सभागृहात, कोणत्या तारखेला, विधेयकाच्या कुठल्या टप्प्यावर, याचा पत्ता नसतो. बँकिंग आणि राज्यघटना हे विषय एकमेकांत गुंतलेले असल्यामुळे घोळ ठरावीक जागी होतात. त्या जागा पुढे दिल्या आहेत.

राष्ट्रीयीकरणाची चर्चा एकदाच झाली असं समजणं

सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. १९ जुलै १९६९ रोजी अध्यादेश निघाला आणि ५० कोटी रुपये किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या १४ बँका सरकारकडे गेल्या. संसदेचं अधिवेशन दोनच दिवसांनी, २१ जुलैला सुरू होणार होतं. अध्यादेशाच्या जागी विधेयक आलं, ते मंजूर झालं आणि ९ ऑगस्टला त्याचा कायदा झाला. सेंट्रल बँकेचे भागधारक आणि संचालक रुस्तम कावसजी कूपर सर्वोच्च न्यायालयात गेले. १० फेब्रुवारी १९७० रोजी ११ न्यायाधीशांच्या पीठाने १० विरुद्ध १ अशा बहुमताने हा कायदा रद्द केला. चारच दिवसांत नवा अध्यादेश निघाला, ३१ मार्च १९७० रोजी नवा कायदा झाला आणि तो १९ जुलै १९६९ पासून लागू असल्याचं धरलं गेलं. आज जो कायदा चालतो तो हा १९७० चा. त्यानंतर १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँका घेतल्या. तेव्हा ठेवींची अट २०० कोटींची होती आणि कायदाही वेगळा झाला.

म्हणजे चर्चा तीन झाल्या. १९६९ मध्ये धोरणावर बोललेला सदस्य १९७० मध्ये मोबदल्यावर आणि मूलभूत हक्कांवर बोललेला असू शकतो, कारण नुकसानभरपाईचं तत्त्व आणि ठरावीक बँकांबाबत केलेला भेदभाव या मुद्द्यांवरच आधीचा कायदा पडला होता. दोन्ही भाषणांतली वाक्यं एकाच परिच्छेदात टाकली की माणसाची भूमिका दुटप्पी वाटू लागते. प्रत्यक्षात समोरचं विधेयक बदललेलं असतं. त्यामुळे १९७० ची चर्चा वाचताना कूपर खटल्याचा निकाल शेजारी ठेवा आणि तिथेच थांबू नका. १९७१ च्या २५व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेच्या हक्काबद्दलच्या अनुच्छेद ३१ मधल्या ‘नुकसानभरपाई’च्या जागी ‘रक्कम’ आणली, ती याच निकालाला उत्तर म्हणून. बँकांवरच्या वादाचा शेवटचा अंक घटनादुरुस्तीच्या चर्चेत सापडतो, बँकिंगच्या मथळ्याखाली नाही.

फक्त विधेयकाच्या नावाने शोधणं

अध्यादेशामागून विधेयक येतं, तेव्हा विरोधी सदस्य बहुधा अध्यादेश नामंजूर करण्याचा वैधानिक ठराव देतात. ठराव आणि विधेयक यांवर चर्चा एकत्र होते. ठराव मांडणारा आधी बोलतो आणि शेवटी उत्तरही देतो. कामकाजाच्या नोंदीत मथळा ठरावाच्या नावाने सुरू होत असल्यामुळे नुसतं विधेयकाचं नाव टाकून शोधलं तर नेमकं सर्वांत महत्त्वाचं भाषण हातून निसटतं.

दुसरी हुकणारी जागा म्हणजे विधेयक मांडण्याचा क्षण. ‘हा कायदा करायचा अधिकारच संसदेला नाही’ ही घटनात्मक हरकत लोकसभेच्या नियम ७२ खाली तिथेच घेतली जाते. चार-पाच मिनिटांचं बोलणं असतं, पण घटनेच्या दृष्टीने वजन त्यालाच असतं. मांडणी, विचारार्थ चर्चा, कलमवार चर्चा आणि मंजुरीचा प्रस्ताव हे चारही टप्पे वेगवेगळ्या तारखांना असू शकतात. चारही पाहा.

आजच्या नावाने जुना कायदा हुडकणं

‘बँकिंग रेग्युलेशन ॲक्ट, १९४९’ या नावाने १९४९ ची चर्चा सापडणार नाही. त्या कायद्याचं नाव तेव्हा ‘बँकिंग कंपनीज ॲक्ट’ होतं. आजचं नाव १ मार्च १९६६ पासूनचं आहे. ज्या १९६५ च्या कायद्याने हे नाव बदललं, त्यानेच सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत आणल्या, म्हणून नागरी सहकारी बँकांवर लिहिणाऱ्यांनी १९६५ ची चर्चा सोडू नये.

याच कायद्याबाबत दुसरा चकवा असा की अनेकजण त्याची चर्चा संविधान सभेच्या प्रसिद्ध १२ खंडांत शोधत बसतात. त्या खंडांत फक्त घटना बनवण्याचं काम आहे. नोव्हेंबर १९४७ पासून तीच सभा कायदेमंडळ म्हणूनही बसत होती. त्या कामकाजाचे खंड वेगळे असून त्यांवर ‘संविधान सभा (विधायी)’ असं छापलेलं असतं. १९५० ते १९५२ ची हंगामी संसद आणखी वेगळी. १९५४ पर्यंत लोकसभेच्या खंडांवर ‘हाउस ऑफ द पीपल’ आणि राज्यसभेच्या खंडांवर ‘कौन्सिल ऑफ स्टेट्स’ अशी नावं आहेत.

माणूस मतदारसंघावरून शोधणं

मराठी माणूस म्हणून महाराष्ट्रातलेच मतदारसंघ चाळले, तर मधू लिमये सापडायचे नाहीत, ते बिहारमधल्या मुंगेर आणि बांका इथून निवडून आले होते. उलट व्ही. के. कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून लोकसभेत गेले. चिंतामणराव देशमुख पहिल्या लोकसभेत कुलाब्याचे खासदार होते आणि १९५० ते १९५६ अर्थमंत्री. त्यांची बँकिंगवरची बहुतेक विधानं सरकारच्या वतीने केलेली आहेत.

मंत्री असताना आणि मंत्री नसताना

नाथ पै आणि ह. रा. गोखले यांची नावं २४व्या घटनादुरुस्तीच्या संदर्भात हमखास उलटसुलट होतात. सर्वोच्च न्यायालयाच्या गोलकनाथ निकालाने (२७ फेब्रुवारी १९६७) मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार काढून घेतल्यावर राजापूरचे खासदार नाथ पै यांनी तो परत मिळवण्यासाठी १९६७ मध्ये विधेयक आणलं. ते खासगी सदस्याचं विधेयक होतं. अशी विधेयकं शुक्रवारी दुपारनंतरच्या ठरलेल्या वेळात येतात, म्हणून त्यांची चर्चा एका तारखेला संपत नाही. ती वेगवेगळ्या शुक्रवारी, वेगवेगळ्या अधिवेशनांत विखुरलेली असते आणि मध्ये संयुक्त समितीचा अहवालही असतो. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे मंजुरीआधीच आपोआप संपलं. १८ जानेवारी १९७१ रोजी नाथ पैंचं निधन झालं.

हा अधिकार संसदेला परत देणारी २४वी दुरुस्ती त्यानंतर, १९७१ मध्ये, सरकारने आणली. ती मांडली कायदामंत्री गोखले यांनी. ते उत्तर-पश्चिम मुंबईचे खासदार होते. म्हणून ‘नाथ पैंनी २४वी घटनादुरुस्ती केली’ हे वाक्य चुकीचं आहे. ‘त्यांनी त्याच अधिकारासाठी आधी विधेयक आणलं होतं’ इतकंच म्हणता येतं आणि तेही थोडं नाही. गोखले यांच्याबाबतही जपून लिहावं लागतं. २४वी, २५वी आणि ४२वी दुरुस्ती मांडताना ते मंत्रिमंडळाची बाजू मांडत होते. ती त्यांची वैयक्तिक मतं म्हणून छापू नयेत.

‘बाजूने मत दिलं’ असं बिनधास्त लिहिणं

बँकिंगची बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. आवाजी मतदानात कोणी काय मत दिलं याची नोंदच राहत नाही. तिथे फक्त ‘पाठिंब्याचं भाषण केलं’ असं लिहा. घटनादुरुस्तीचं तसं नाही. अनुच्छेद ३६८ खाली एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं, त्यामुळे मतविभाजन होतं आणि नावांच्या याद्या छापल्या जातात. त्या याद्यांखालची बारीक अक्षरातली तळटीप वाचल्याशिवाय पान उलटू नका. यंत्राने चुकलेली किंवा नंतर चिठ्ठीवर नोंदवलेली मतं तिथेच दिलेली असतात.

आकड्यांचा मोह

‘इतक्या चर्चा, इतके प्रश्न’ ही मोजदाद मंत्र्यांना लागू पडत नाही, कारण मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. शिवाय अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळतं, त्यावर सभागृहात बोलणं होतच नाही. आणि १९९३ पासून खासदारांच्या विभागवार स्थायी समित्या आल्यावर बँकिंगचं बरंच खरं काम बंद दाराआड चालतं. तिथलं मत पाहायचं तर अहवालाच्या शेवटी जोडलेली असहमतीची टिपणं उघडा.

सहकारी बँकांचा प्रश्न एकाच सभागृहात शोधणं

मुंबईकरांना हा विषय पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेमुळे चांगलाच ठाऊक आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिच्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून १,००० रुपयेच काढता येत होते. केंद्र आणि राज्य यांच्यात विषय वाटून देणाऱ्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत बँकिंग हा विषय केंद्राच्या यादीत आहे (नोंद ४५) आणि सहकारी संस्था राज्याच्या यादीत (नोंद ३२). म्हणून संस्थेची नोंदणी, निवडणूक, कारभार यांवरची भाषणं विधानभवनाच्या ग्रंथालयात आणि परवाना, ठेवी, विलीनीकरण यांवरची संसदेच्या नोंदींत मिळतील. २०२० चं बँकिंग नियमन दुरुस्ती विधेयक दोनदा आलं. मार्चमध्ये मांडलेलं मागे घेतलं, मधे जूनमध्ये अध्यादेश निघाला आणि सप्टेंबरमध्ये नवं विधेयक मांडून मंजूर झालं. ठेवीदारांना ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद करणारं २०२१ चं विधेयक आधी राज्यसभेत मंजूर झालं, मग लोकसभेत. केवळ लोकसभा पाहणाऱ्याला निम्मी चर्चा दिसते.

मजकूर उतरवताना

संसदेच्या डिजिटल लायब्ररीत जुने खंड स्कॅन करून ठेवलेले आहेत. अक्षरओळख कच्ची असल्याने नावाने शोधून काही मिळालं नाही म्हणजे भाषण झालंच नाही, असं समजू नका. कायद्याला संमती मिळाल्याची तारीख धरा, तिथून मागे जात दिवसागणिक अनुक्रमणिका पाहा. मुखपृष्ठावर शक तारीखही असते. २१ जुलै १९६९ म्हणजे ३० आषाढ १८९१. जुन्या खंडांत एका पानावर दोन स्तंभ असतात आणि क्रमांक स्तंभांना दिलेले असतात, पानांना नाही. तळटीप देताना स्तंभ क्रमांकच द्या.

अलीकडच्या भाषणांवर ‘असंशोधित’ असा शेरा असेल, तर अंतिम प्रत येईपर्यंत त्यातलं वाक्य अवतरणात छापू नका. कामकाजातून वगळलेला मजकूर समाजमाध्यमांवरच्या क्लिपमध्ये ऐकू येतो, पण अधिकृत नोंदीत नसतो. काही भाषणं तर झालेलीच नसतात. वेळेअभावी सदस्य लेखी भाषण पटलावर ठेवतात आणि तशी नोंद त्या मजकुराजवळ असते. सदस्य मराठीत बोलला असेल, तर नावापुढे चांदणी दिसेल आणि खाली ‘मूळ मराठी भाषणाचा अनुवाद’ अशी टीप. तो इंग्रजी किंवा हिंदी अनुवाद पुन्हा मराठीत आणून अवतरणचिन्हांत टाकलात, तर ते त्यांचे शब्द राहणार नाहीत. ध्वनिचित्रफीत मिळत असेल तर ती ऐकून उतरवा, नसेल तर अवतरणचिन्हं काढून फक्त आशय लिहा.