धाब्याच्या घराला नवी खोली जोडताना
जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या आमच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरामागे आरसीसीची खोली काढली. मिस्तरी म्हणे, बीम जुन्या भिंतीतच टेकवू. मी साफ नाही म्हटलं. मातीची भिंत तो भार पेलत नाही. कॉलम वेगळेच घ्या, मधे इंचभर फट सोडा. फटीवर पत्र्याची पट्टी बसवा, पण ठोका एकाच बाजूला, म्हणजे दोन्ही बांधकामं आपापली हलू शकतात.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया मुरूम लागेपर्यंत न्या, मात्र जुन्या भिंतीला खेटून खड्डा नको. स्लॅबचा उतार धाब्याकडे नको, बाथरूम लांबच्या कोपऱ्यात.

जुन्या भिंतीला सिमेंट प्लास्टर? अजिबात नाही! ओल आत कोंडते, माती सुटते. माती-भुशाचाच गिलावा द्या.

दार जुन्या खिडकीच्या जागी काढा. वरचं सागाचं लाकूड तसंच ठेवून फक्त खालची भिंत उतरवायची.