ॲक्सिडेंट झालेली जुनी गाडी दुरुस्त करायची की विकायची, कसं ठरवायचं

गाडी ठोकली की पहिले दोन दिवस डोकं चालत नाही, घरातले सगळे सल्ले देतात, एक म्हणतो काढून टाक, दुसरा म्हणतो हात लावू नको इन्शुरन्सवाले बघतील, आणि गॅरेजवाला रोज फोन करून विचारतो की साहेब काम चालू करू का. आमच्या २०१२च्या स्विफ्ट डिझायरचं असंच झालं, खंबाटकी उतरताना पुढच्या टेंपोने अचानक ब्रेक मारला आणि आमची गाडी त्याच्या मागच्या लोखंडी बारवर डाव्या बाजूने गेली. माणसं सगळी नीट होती, बाकीचं सगळं नंतर. पण पुढचे तीन आठवडे जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितोय. त्याच वर्षी माझ्या मेहुण्यांची आय-टेन पण ठोकली आणि तिचा निर्णय अगदी उलटा लागला, म्हणून दोन्ही गाड्यांचं सांगतो.

आधी हे: गाडी स्टार्ट करू नका

पुढून धडक बसली असेल तर रेडिएटर फुटलेला असू शकतो, कूलंट खाली सांडलेलं असतं आणि आपण "जरा बाजूला घेतो" म्हणून चालवतो, तेवढ्यात इंजिन तापून हेड गॅस्केट जातं. आणि हे इंजिनचं नुकसान इन्शुरन्स देत नाही, त्यांचं म्हणणं असतं की ॲक्सिडेंटने झालं नाही, नंतर चालवल्याने झालं. त्यामुळे ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग बोलवा. जागेवरच चारही बाजूंनी, खालून, मीटरचा, समोरच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढा. इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत एक स्क्रू पण काढू देऊ नका. कोणाला लागलं असेल किंवा दुसऱ्याची चूक असेल तर पोलिसांत नोंद कराच, पुढे लागते.

गाडी सीएनजीवर असेल आणि मागून धडक असेल तर सिलेंडर, त्याचे पट्टे आणि पाइप तपासल्याशिवाय गॅस चालू करू नका. दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (सिलेंडरची दाब-चाचणी) झाली आहे म्हणून आता बघायची गरज नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नका, धडकेनंतरची तपासणी वेगळी.

मार नेमका कुठे बसलाय

खर्चाच्या आधी हा प्रश्न, कारण याचं उत्तर वाईट आलं तर पुढचा हिशोब करायचीच गरज नाही.

बंपर, हेडलाइट, बॉनेट, फेंडर, दरवाजा, डिकी, आरसे हे सगळं बोल्टवर बसवलेलं असतं, काढलं की नवीन लागतं. दिसायला गाडीचा चुरा झालेला दिसतो पण आतून सांगाडा शाबूत असू शकतो. उलट एखादी गाडी बाहेरून बरी दिसते आणि आत पुढच्या चॅसिस लेगला (सांगाड्याच्या पुढे आलेल्या जाड दांड्याला) घडी पडलेली असते. बघायचं ते हे: बॉनेटच्या आतला एप्रन (चाकाच्या वरचा आतला पत्रा), चॅसिस लेग, इंजिनमागची फायरवॉल, काचेच्या बाजूचा आणि दोन दरवाजांमधला पिलर (छत धरणारा खांब), आणि खालचा फ्लोअर. एप्रन थोडा वाकला असेल तर चांगला डेंटर ओढून किंवा तेवढा भाग बदलून नीट करतो. पण पिलर किंवा फ्लोअर गेला असेल आणि गाडी दहा-बारा वर्षांची असेल, तर माझं मत स्पष्ट आहे, त्या गाडीत परत घरच्यांना बसवू नका. पुढच्या धडकेत जो पत्रा मार घेऊन माणसाला वाचवणार असतो तोच एकदा दुमडून सरळ केलेला असतो आणि वरून लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि रंग लावल्यावर ते कोणालाच दिसत नाही.

घरच्या घरी काय तपासता येतं? चारही दरवाजे हळू उघडा-लावा, आधी नीट लागणारा दरवाजा आता वर उचलून लावावा लागतोय का बघा. दरवाजा आणि बॉडीमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का बघा. छताच्या पत्र्याला मधेच लहर आलीय का तेही. मग स्टिअरिंग सरळ ठेवून पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेपने मोजा, दोन्ही बाजूंना. आमच्या डिझायरचा व्हीलबेस २४३० मिलिमीटर, उजवीकडे तेवढाच आला, डावीकडे १५ मिलिमीटर कमी. मी घाबरलोच, पण वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर घेतल्यावर कळलं की डावा लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) वाकलाय, चॅसिस लेग ठीक आहे, एप्रनला थोडा मार आहे. मेहुण्यांच्या आय-टेनला बाजूने धडक होती, मधला पिलर आत आलेला आणि सीटखालचा फ्लोअर दुमडलेला.

एअरबॅग उघडल्या असतील तर तो खर्च वेगळा धरा. नुसती बॅग बदलून भागत नाही, कंट्रोल युनिट, सीटबेल्ट, बऱ्याचदा डॅशबोर्ड पण येतो. जुन्या फॅमिली गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये एअरबॅग नसायच्याच, ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९पासून. तुमच्या गाडीत होती आणि उघडली, आणि गॅरेजवाला म्हणतो की बॅग न टाकता नुसता लाइट बंद करून देतो, तर ते गॅरेज सोडा.

एस्टिमेट घ्या, पण गाडी उघडल्यावरचं

पहिलं एस्टिमेट बाहेरून बघून दिलेलं असतं, गाडी उघडली की कंडेन्सर, फॅन, माउंटिंग निघतात आणि आकडा वाढतो. म्हणून सांगायचं की उघडा, सगळं बघा, आणि मग शेवटचा आकडा द्या. त्याआधी दोन गोष्टी विचारून ठेवा: मी काम केलं नाही तर उघडण्याचे किती घेणार, आणि पार्किंगचे रोजचे किती लावणार. आम्ही हे विचारलं नव्हतं आणि नंतर वाद झाला.

दुसरं एस्टिमेट बाहेरच्या चांगल्या गॅरेजचं घ्या. बॉनेट, दरवाजा, डिकी, फेंडर सेकंडहँड चालतात, कुर्ल्याच्या बाजारात किंवा गावातल्या भंगारवाल्याकडे मिळतात, कधी कधी रंगासकट. पण स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन, सीटबेल्ट आणि एअरबॅग यातलं काहीही जुनं घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

इन्शुरन्सचा हिशोब, इथेच बरेच जण चुकतात

फर्स्ट पार्टी (आपल्या गाडीचं नुकसान पण भरून देणारी) पॉलिसी असेल तर तिच्यावर आयडीव्ही, म्हणजे कंपनीने धरलेली गाडीची किंमत, लिहिलेली असते. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते आणि आयडीव्हीप्रमाणे पैसे देते, लोन चालू असेल तर आधी बँकेचे जातात. खाली असेल तर दुरुस्तीचे पैसे, पण पूर्ण नाही. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर, एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापतात, काचेवर काही कापत नाहीत, लोखंडी पार्टवर वयाप्रमाणे, ५ ते १० वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि १० वर्षांवर ५० टक्के. रंगाच्या बिलात एक चतुर्थांश भाग मटेरियल धरून त्याच्या निम्मे कापतात. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये आपले जातातच. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, एवढ्या जुन्या गाडीला सहसा मिळत नाही.

आमचं सांगतो. आयडीव्ही १,८०,००० होती, म्हणजे टोटल लॉसची रेघ १,३५,०००वर. एस्टिमेट आलं १,२२,०००. त्यात मजुरी २८,०००, रंग २०,०००, प्लास्टिक २४,०००, लोखंडी पार्ट ४४,०००, काच ६,०००. कापलं काय, तर लोखंडाचे २२,०००, प्लास्टिकचे १२,०००, रंगाचे २,५०० आणि ते १,०००. म्हणजे खिशातून ३७,५००, कंपनीचे ८४,५००.

नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) जाईल म्हणून क्लेमच करायचा नाही असं पण लोक म्हणतात. हा बोनस फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानासाठीच्या, प्रीमियमवर असतो, जुन्या गाडीला तो प्रीमियमच थोडा असतो. आमचा बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम साधारण ६,००० होता, ५० टक्के बोनस गेला तर पुढच्या वर्षी ३,००० जास्त, मग २०, २५, ३५, ४५ असा परत चढत जातो, पाच वर्षांत मिळून ७,५०० जातात. त्यासाठी ८४,५०० सोडणं बरोबर नाही. पण नुकसानच पाच-सहा हजारांचं असेल तर क्लेम करू नका. आणि एक गोष्ट फार कमी जणांना माहीत असते, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकून लगेच नवी घ्यायची असेल तर तो ५० टक्के बोनस नव्या गाडीच्या मोठ्या प्रीमियमवर लागतो, आणि तिथे त्याची किंमत एकदम वाढते. क्लेम केला की तो पण गेला. तेवढं गणितात धरा.

फक्त थर्ड पार्टी असेल तर आपल्या कंपनीकडून आपल्या गाडीचा एक रुपया मिळत नाही. दुसऱ्याची चूक असेल तर त्याच्या इन्शुरन्सकडून मोटार अपघात न्यायाधिकरणात मागता येतं, पण त्याला पोलिसांची नोंद लागते आणि वेळ जातो, त्या भरवशावर आजचा निर्णय घेऊ नका.

खरी वजाबाकी

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी जुळवून बघतात तिथेच गोंधळ होतो. तीन आकडे कागदावर लिहा: दुरुस्त झाल्यावर ही गाडी आज कितीला जाईल (ॲक्सिडेंटची म्हणून कमीच धरा), खिशातून किती जाणार, आणि आत्ता आहे तशी उभ्या-उभ्या कोण किती देतो. पहिल्यातून दुसरा वजा करा आणि तिसऱ्याशी लावून बघा.

आमची दुरुस्त झाल्यावर १,६०,०००ला गेली असती. वजा ३७,५००, राहिले १,२२,५००. आहे तशी घ्यायला तीन जणांनी आकडे दिले, सगळ्यात जास्त ७०,०००. म्हणजे विकायची जरी असती तरी आधी दुरुस्त करून विकणं फायद्याचं. आता हीच गाडी, हाच मार, पण फक्त थर्ड पार्टी असती तर? १,६०,००० वजा १,२२,००० म्हणजे ३८,०००, आणि समोर ७०,००० रोख. विकून मोकळं व्हायचं. बाहेरच्या गॅरेजमध्ये ७५,०००त झालं असतं तर ८५,०००, म्हणजे जवळपास बरोबरीच, मग गाडीची बाकीची तब्येत बघून ठरवायचं.

आणि त्या तब्येतीला किंमत आहे बरं का. आपल्या गाडीचा क्लच कधी बदलला, कुठला आवाज किती जुना आहे, हे आपल्याला माहीत असतं. त्याच पैशात जी दुसरी सेकंडहँड घ्याल तिचं काहीच माहीत नसतं. पण ॲक्सिडेंटच्या आधीच इंजिन ऑइल खात असेल, टायर संपलेले असतील, गिअर अडकत असेल, तर तो येणारा खर्च पण दुसऱ्या आकड्यात टाका, प्रामाणिकपणे.

वय पण बघा. खासगी गाडीला १५ वर्षांनी परत पासिंग करावं लागतं, केंद्राची फी १ एप्रिल २०२२पासून ५,००० रुपये झालीय, वर महाराष्ट्रात पर्यावरण कर. आमच्या गाडीला तीन वर्षं बाकी होती, म्हणून चाललं. सहा महिने राहिले असते तर वेगळा विचार केला असता. १० वर्षं डिझेल आणि १५ वर्षं पेट्रोल म्हणजे गाडी बंद, असं जे ऐकतो ते दिल्ली आणि आसपासच्या भागाचं प्रकरण आहे, त्या भीतीने कोणी गाडी स्वस्तात मागत असेल तर देऊ नका.

विकायचं ठरलं तर

मेहुण्यांच्या आय-टेनला पिलरचा मार आणि फक्त थर्ड पार्टी, त्यामुळे हिशोब पण करावा लागला नाही. भावजी तयार नव्हते, ती त्यांनी घेतलेली पहिली गाडी, मुलीला हॉस्पिटलमधून तिच्यातूनच घरी आणलं होतं. दोन आठवडे ती सोसायटीत ताडपत्री टाकून उभी होती. मग ताई म्हणाली की मी परत तिच्यात बसणार नाही, तिथे संपलं. तिचं बरोबर होतं.

अशी गाडी चालती करून विकण्यापेक्षा सरकारमान्य स्क्रॅपिंग सेंटरला द्या, तिथे सर्टिफिकेट मिळतं, त्यावर नवीन गाडीच्या टॅक्समध्ये सूट मिळते, आणि आरसी रीतसर रद्द होते. टोटल लॉस गाडीचं आरसीसकट भंगार कोणाला देऊ नका, चोरीच्या गाडीवर असाच चॅसिस नंबर चढवून विकतात. आणि दुरुस्त होण्यासारखी गाडी माणसाला विकत असाल तर कुठे मार आहे ते स्वतःहून दाखवा, फोटो द्या.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या कोऱ्या फॉर्म २९ आणि ३०वर सही करून एजंटच्या हातात देणं एकदम बंद. २०१८ साली सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की आरटीओच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव तोच मालक, गाडी चार हात पुढे गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येते. मान्यताप्राप्त डीलर असेल तर त्याच्याकडून फॉर्म २९सी (गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची नोंद) ऑनलाइन करून घ्या. गाडी देताना तारीख आणि वेळ लिहून सही घ्या, फास्टॅग काढून बंद करा, आणि नाव बदललं का ते स्वतः ॲपवर बघत राहा.

दुरुस्त करायचं ठरलं तर

जुने काढलेले पार्ट समोर मागा. रंग लावायच्या आधी एकदा जाऊन उघडा पत्रा बघा, वेल्डिंग कुठे केलंय, लांबी किती जाड चढवलीय ते तेव्हाच दिसतं, नंतर कधीच नाही. डिलिव्हरीआधी व्हील अलाइनमेंटचा छापील रिपोर्ट घ्या आणि सगळे आकडे मर्यादेत आहेत का बघा. मग ८०च्या स्पीडला सरळ मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून बघा गाडी एका बाजूला जाते का, आणि जोरात ब्रेक मारून पण बघा. पावसाचं पाणी आत येतं का ते पाइप लावून तपासा.

आमची गाडी मिळाली तेव्हा मी तिथेच खिशातून टेप काढला. दोन्ही बाजू २४३०. मग बाबांना फोन केला की गाडी घरी आणतोय.