‘पलेशल’ शब्द नेमका कुठे वापरायचा

बडोद्यात हा इंग्रजी शब्द (palatial) वरचेवर कामाला येतो, आणि तितक्याच वेळा चुकतो. आधी उच्चार: प-ले-शल, जोर ‘ले’वर. ‘पॅलेस’ तोंडात बसलेला असल्याने ‘पॅलेशिअल’ निघते, ते टाळा.

मूळ रोममधले. तिथल्या पॅलेटाइन टेकडीवर सम्राट ऑगस्टसचे घर होते. टेकडीचे लॅटिन नाव पलाटियम. पुढे तेच राजवाड्याचे नाव झाले आणि फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले.

अर्थ ‘राजवाड्यासारखे’. खरी मेख ‘सारखे’त आहे. १८९० साली पूर्ण झालेला लक्ष्मी विलास हा राजवाडाच. त्याला पलेशल म्हणणे म्हणजे पाण्याला पाणीदार म्हणणे. तिथे ‘ग्रँड’ किंवा ‘मॅग्निफिसंट’ लिहा. खंडेराव मार्केटची इमारत मात्र राजवाडा नाही. तिथे महापालिकेचे कार्यालय आहे, पण रूप महालाचे. तिला हा शब्द अगदी चपखल बसतो.

वास्तूपलीकडे तो सहसा नेऊ नका. बंगला, हॉटेल, दिवाणखाना चालेल. पैठणी, जेवण, माणूस नाही. राजघराण्याशी संबंध सांगायचा तर ‘रॉयल’, रुबाब सांगायचा तर ‘रीगल’. दोन खोल्यांच्या फ्लॅटच्या जाहिरातीत ‘स्पेशस’ पुरे; पलेशल लिहिले की वाचणारा विश्वास ठेवत नाही.

दोन जुळे दिसणारे शब्द घोटाळा करतात: ‘पॅलटल’ म्हणजे तालव्य, ‘पॅलटेबल’ म्हणजे रुचकर. दोन्ही ‘पॅलट’ म्हणजे तोंडातल्या टाळूवरून आलेले. म्हणून बासुंदीला पलेशल म्हणू नये.