पहिली लेन्स घेताय? आधी खोली मोजा, मग या चुका टाळा

"कॅमेरा घेतलाय, आता लेन्स कोणती घेऊ?" असं विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नकोच असतं. त्याचं ठरलेलं असतं. चार व्हिडिओ बघून पन्नास एमएम एफ १.८ (हीच 'फिफ्टी') कार्टमध्ये टाकून झालेली असते, आपण फक्त मान डोलवायची. (एमएमचा आकडा जितका लहान तितकं जास्त चौकटीत मावतं, एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते.) मी डोलवत नाही म्हणून पोरं नाराज होतात. होऊ देत.

घर न बघता फिफ्टी घेणं

फिफ्टी वाईट नाही. कॅननची २०१५ सालची एसटीएम असो की निकॉनची एएफ-एस जी, एवढ्या पैशांत एवढा उजेड देणारं दुसरं काही सहसा सापडत नाही. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ १.८ वर तिच्या नऊपटीहून जास्त प्रकाश आत येतो. पण "पन्नास म्हणजे डोळ्याला दिसतं तसं" हे फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्याचं गणित. आपल्या सुरुवातीच्या डीएसएलआरचा सेन्सर लहान असतो, त्यामुळे हीच लेन्स कॅननवर ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी वागते. त्यात तुमची नजर तयार झाली मोबाइलवर, आणि मोबाइलचा मुख्य कॅमेरा याच हिशेबात साधारण २४ ते २६ चा.

आमच्या ओळखीतल्या एका पठ्ठ्याने फिफ्टी आल्या आल्या किट लेन्स विकून टाकली. "काका, प्राइमची, म्हणजे झूम न होणाऱ्या लेन्सची, सवय लागली की झूमला हात लावावासा वाटत नाही." सवय लागायला आठ दिवस तरी जायला हवे होते. त्याआधीच मावसबहिणीच्या बाळाचं बारसं आलं, सदाशिव पेठेत, दहा बाय बाराच्या खोलीत. मधोमध पाळणा, भोवती दहा-बारा बायका. हा भिंतीला टेकला तरी पाळण्याची एकच बाजू दिसे. मग दारात गेला, दारातून जिन्यात, तेव्हा कुठे पाळणा चौकटीत मावला. पण आता मध्ये दोन काकूंच्या पाठी. "कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या" म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं, त्यातलं याच्या हाती लागलं ते एका बाईचं कोपर आणि बांगड्या. आत्या बाळाच्या कानात नाव सांगायला वाकली तेव्हा मात्र हा धावत पुढे आला आणि ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) पूर्ण उघडून खटाखट फोटो काढले. आत्याच्या कानातली कुडी लखलखीत. बाळ धुरकट.

यात लेन्सचा दोष शून्य. एक मीटरवरून एफ १.८ ला फोकसमध्ये राहणारा पट्टा जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटरचा असतो. कुडी त्यात आली, बाळ आलं नाही. अल्बममध्ये शेवटी आजोबांच्या मोबाइलवरचे फोटो गेले.

म्हणून मी टेप घेऊन खोली मोजायला सांगतो. साडेपाच फुटी माणूस उभ्या चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत बसवायचा तर कॅननवर फिफ्टीने सव्वाबारा फूट मागे जावं लागतं, तेही वर-खाली जराही जागा न सोडता. कॅननच्याच २४ एमएम एफ २.८ ला सहा फूट पुरतात. निकॉनवर ३५ एमएम एफ १.८ डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) लावली तर सव्वाआठ. पेठेतल्या किंवा कोथरूडच्या वन बीएचकेमध्ये यातलं काय चालेल ते तुम्हीच बघा. घरातलं मूल, सणवार, मंडईतली गर्दी, तुळशीबागेतली बोळ हे तुमचे विषय असतील तर कॅननवाल्यांनी २४, निकॉनवाल्यांनी ३५. गच्चीवर किंवा सारसबागेत एकेका माणसाचे चेहरे टिपायचे असतील तर खुशाल फिफ्टी घ्या.

माझी पद्धत अगदी अडाणी आहे. किट लेन्सची झूम रिंग ३५ वर आणून चिकटपट्टीने जाम करायची आणि आठवडाभर तसेच फोटो काढायचे. पुढच्या आठवड्यात ५० वर. कुठल्या आठवड्यात जास्त चिडचिड झाली ते कळतं. हे सांगितलं की दहातले नऊ जण हसतात आणि सेल संपायच्या आत ऑर्डर टाकतात. त्यांच्या फिफ्ट्या सहा महिन्यांनी सेकंडहँडमध्ये दिसतात, बॉक्ससकट.

मोटर कुठे आहे ते न विचारणं

ही निकॉनवाल्यांसाठी. डी३४००, डी३५००, डी५६०० अशा बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते, ती लेन्समध्ये असावी लागते. जुनी एएफ ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळते, बसतेही व्यवस्थित, पण ऑटोफोकस होत नाही. एकाला दुकानदाराने "निकॉनलाच निकॉन, लागणारच" म्हणून ती दिली. लागली, यात वाद नाही. घरी येऊन शटर दाबलं तर स्क्रीनवर 'एफईई' असा एरर. कॅमेरा बिघडला म्हणून गडी थेट सर्व्हिस सेंटरला निघाला होता. ॲपर्चरची रिंग २२ वर नेऊन लॉक केली की एफईई जातं, त्यात बिघाड काही नाही. पण फोकस हातानेच करायचा. व्ह्यूफाइंडरमध्ये कोपऱ्यातला गोल ठिपका स्थिर पेटला की जमलं असं समजायचं. पळत्या मुलामागे हे करून बघा, मग नावात 'एएफ-एस' असलेली लेन्स शोधाल. पुढे निकॉनचा मिररलेस घेऊन त्यावर जुन्या लेन्स बसवणारा एफटीझेड अडॅप्टर लावू म्हणाल, तर त्यातही मोटर नाही. उलट बाजूने, डी३१०० किंवा डी५१०० सारख्या जुन्या बॉडीवर नवीन 'एएफ-पी' लेन्स फोकसच करत नाही.

कॅननवाल्यांनी हसू नये. तुमच्याकडे ७५-३०० ची झूम आहे: आयएस (हात हलला तरी फोटो सांभाळणारं स्टॅबिलायझेशन) नाही, ३०० ला फोटो मऊ, म्हणजे धूसर, आणि दोन लेन्सच्या किटमध्ये "फुकट" मिळते म्हणून पाषाण तलावावर प्रत्येक तिसऱ्या गळ्यात. ५५-२५० आयएस एसटीएम घ्या, पन्नास एमएम कमी पडल्याचं दुःख होणार नाही.

स्टॅबिलायझेशन आहे म्हणजे झालं

हात हलला तर ते सांभाळून घेतं. ढोल वाजवणाऱ्याचा हात थांबवत नाही. लक्ष्मी रोडवर रात्री वादक टिपायचा तर शटर स्पीड वाढवा, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवा, आणि एफ १.८ सारखी जास्त उघडणारी लेन्स हवी.

लेन्सला लगेच नावं ठेवणं

"माझी लेन्स शार्प नाही." आधी मधला एकच फोकस पॉइंट निवडा, एफ २.८ वर या, शटर स्पीड १/२०० च्या वर न्या. तरी शंका असेल तर वर्तमानपत्र तिरकं ठेवून, कॅमेरा ट्रायपॉडवर लावून, एकाच ओळीवर एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर बघून) फोकस करा. लाइव्ह व्ह्यूतला स्वच्छ आणि दुसरा दरवेळी पुढे-मागे येत असेल तरच बॉडी-लेन्सचं जुळत नाहीये. सुरुवातीच्या बॉडीत हे मेनूमधून दुरुस्त करायची सोय सहसा नसते, तेव्हा बदलून घ्या.

लेन्सच्या पुढे फिरवून बसवायचे वाइड आणि टेली कन्व्हर्टर: नको. दोनशे रुपयांचा यूव्ही फिल्टर: त्यापेक्षा हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसणारी झापड.

सेकंडहँड लेन्स फक्त बाहेरून बघणं

सेकंडहँडला माझा विरोध नाही, सध्या डीएसएलआरच्या लेन्स त्यातच परवडतात. पण पुण्याचा पावसाळा लेन्सला मानवत नाही. मागची कॅप काढा, मोबाइलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे चार कण चालतील. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी, आणि मालक "पुसलं की जातं" म्हणाला तरी निघा. ती आतल्या काचेवर असते आणि कोटिंग खाते. घरी आणलेली लेन्स लेदरच्या पाऊचमध्ये कपाटात कोंडू नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत छोटा आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत. तांदूळ घालून ठेवणारेही भेटतात. त्याची पूड झूम रिंगमध्ये जाते, तांदूळ भातालाच ठेवा.