बाबांना घेऊन आयकियात आणि ॲपलच्या दुकानात जाताना

माझे बाबा सुतार. उभं आयुष्य रंधा-पटाशीत गेलं. एखादं नवं परदेशी दुकान उघडलं की मी त्यांना घेऊन जातेच. काचेच्या दारापाशी आपली मोठी माणसं थबकतात, चपलांकडे बघतात. ही दुकानं आपल्यासाठी नाहीत असं त्यांना वाटतं, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

उद्घाटनाच्या आठवड्यात मात्र नेऊ नका. आयकिया म्हणजे सुटे भाग घरी नेऊन जोडायचं फर्निचर विकणारं स्वीडिश दुकान. ९ ऑगस्ट २०१८ ला हैदराबादला देशातलं पहिलं आयकिया उघडलं, तेव्हा आजूबाजूचे रस्ते तुंबले होते. नवी मुंबईत तुर्भ्याचं दुकान १८ डिसेंबर २०२० ला सुरू झालं, पण करोनामुळे तेव्हा आधी ऑनलाइन वेळ घेऊनच आत जाता यायचं. आता कधीही जाता येतं, तरी मंगळवार-बुधवारची सकाळ सगळ्यात चांगली. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भे स्टेशन गाठा. दुकान तिथून जवळच आहे.

निघण्याआधी घरी टेप लावा. भिंतीची लांबी सगळेच मोजतात. बाबा जमिनीपासून छतापर्यंतची उंचीही मोजायला लावतात. सुट्या फळ्यांचं उंच कपाट बरेचदा आडवं ठेवून जोडतात आणि मग उभं करतात. उभं करताना त्याचा तिरका कोपरा छताला घासतो, कारण कर्ण उंचीपेक्षा मोठा असतो. लिफ्टचं आणि दाराचं मापही लिहून घ्या. लांब खोकी तिथेच अडतात.

आत जमिनीवर बाण काढलेले असतात. बाणांनी गेलात तर सगळं दुकान पायाखालून जातं, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते झेपत नाही. मधले जवळचे रस्ते नकाशात दाखवलेले असतात, ते आधी बघून ठेवा. दमलात तर मांडून ठेवलेल्या सोफ्यावर खुशाल बसा. सोफा बसून बघण्यासाठीच ठेवलाय. कोणी उठवत नाही.

आता खरं काम. ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढा, कपाटाचं दार हलवून बिजागरी बघा, टेबलाच्या खालून हात फिरवा. मग लेबल वाचा, त्यावर माल कशाचा ते लिहिलेलं असतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेला. ‘लॅक’ नावाचं स्वस्त टेबल आतून कागदी जाळीने भरलेलं असतं, म्हणूनच ते एका हाताने उचलता येतं. हे वाईट आहे असं बाबा म्हणत नाहीत. हलक्या वापराला ते पुरतं, पण जड मिक्सर किंवा शिलाई मशीन त्यावर ठेवू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्याकडे रोज ओल्या फडक्याने लादी पुसतात, त्यात पावसाळ्याची दमट हवा. बोर्डाची खालची कड उघडी असेल तर ती फुगते. म्हणून पाय असलेली वस्तू घ्या, नाहीतर भरीव पाइन लाकडाची. ड्रॉवरचं उंच कपाट घेतलंत तर ते भिंतीला पक्कं करायचं साहित्य वापराच. घरात लहान मूल असेल तर यात चालढकल करू नका, ती कपाटं खरोखर अंगावर येतात.

आवडलेल्या वस्तूच्या लेबलाचा फोटो काढा. खाली गोदामात कुठल्या रांगेत, कुठल्या कप्प्यात माल आहे ते त्यावर असतं. जड खोकी आईबाबांना उचलू देऊ नका, घरपोच पाठवायची सोय पैसे देऊन मिळते. जेवायला चिकनचे मीटबॉल आहेत, शाकाहारी गोळेही आहेत. पिशव्या घरूनच न्या.

ॲपलच्या दुकानाची रीत वेगळी. मुंबईत बीकेसीतलं (वांद्रे-कुर्ला संकुलातलं) १८ एप्रिल २०२३ ला उघडलं, पुण्यात कोरेगाव पार्कचं ४ सप्टेंबर २०२५ ला. तिथे बिलाचा काउंटर शोधू नका, कर्मचारी हातातल्या यंत्रावरच पैसे घेतात. टेबलांवरचे फोन चालू असतात, मोठ्या माणसांच्या हातात द्या. अक्षरं मोठी कशी करायची ते मराठीत समजावून सांगाल का, असं आधीच विचारा. बीकेसीचं दुकान उघडलं तेव्हा तिथले कर्मचारी मिळून वीसहून जास्त भाषा बोलतात असं कंपनीनेच सांगितलं होतं, त्यामुळे मराठीत विचारायला संकोच कशाला? फोन शिकवण्याचे वर्ग फुकट असतात, नाव ऑनलाइन नोंदवावं लागतं. दुरुस्तीसाठीही आधी वेळ घेऊन जा, नाहीतर ताटकळावं लागेल.

बीकेसीला गेलात तर वर नक्की बघा. छताच्या हजार फरश्या आहेत, प्रत्येकीत लाकडाचे ४०८ तुकडे, आणि हे सगळं दिल्लीत जोडलेलं. दोन भिंती राजस्थानच्या दगडाच्या आहेत. बाबा छताखाली मान वर करून बराच वेळ सांधे बघत होते. तुमच्या घरात कोणी गवंडी, शिंपी, सुतार असेल तर त्यांच्यासाठी निवांत वेळ राखून ठेवा. खरेदी आधी उरकून घ्या, म्हणजे त्यांना घाई करावी लागणार नाही.